दिव्याखालचे नाव

दिवाळी अंकात दिव्यांविषयी लिहायचे म्हणजे काहीतरी मंगल, तुपाच्या वातीसारखे स्निग्ध लिहायचे, असा एक संकेत आहे. तो मोडण्याची मला हौस नाही. पण यंदा माझ्याच्याने तो पाळवत नाही. मला भांडायचे आहे. सणासुदीच्या दिवसांत भांडण उकरून काढल्याबद्दल वाचकांनी, विशेषतः चकलीचा सोऱ्या बाजूला ठेवून हा अंक हाती घेतलेल्या भगिनींनी, क्षमा करावी. भांडण फक्त एका वाक्याशी आहे. ते वाक्य असे : ‘आमचे जुने कारागीर प्रसिद्धिपराङ्मुख होते. त्यांनी कला देवाला वाहिली आणि नाव मागे ठेवले नाही.’

हे वाक्य कोणी ऐकले नाही? सत्काराच्या सभेत ते येते, शाळेच्या सहलीत येते, देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पत्रिकेत तर हटकून येते. ते उच्चारताना वक्त्याचा आवाज थोडा जड होतो आणि ऐकणाऱ्यांच्या माना डोलतात. मला ते वाक्य साफ खोटे वाटते. कारागिराने नाव ठेवले नाही, असे नव्हे. आपण ते लिहून घेतले नाही. स्वतःच्या हेळसांडीला दुसऱ्याच्या वैराग्याचे सोवळे नेसवण्याची ही युक्ती आहे आणि ती आता पुरे झाली.

याला निमित्त घडले ते फ्रेंच दिव्यांचे. रिसोडला आणि फ्रान्सला काय नाते, असे विचाराल. पण आमचे गाव काही जगाबाहेर राहिलेले नाही. हळद आणि सोयाबीनच्या व्यापारात चार पैसे गाठीला बांधलेल्या एका स्नेह्यांनी नवा बंगला बांधला. दिवाणखान्याच्या भिंतीवर त्यांनी दिव्यांची एक जोडी लावली आहे. सोनेरी रंगाची, वळलेल्या पानांची, दोन दोन हातांची. प्रत्येक हातावर एक खोटी मेणबत्ती आणि तिच्या टोकाला ज्योतीच्या आकाराचा बल्ब. ‘फ्रान्सच्या राजाच्या वाड्यातला नमुना आहे, मास्तर,’ असे त्यांनी मला कौतुकाने सांगितले. मी हात लावून पाहिला. पापडासारखा हलका पत्रा आणि त्यावर सोनेरी फवारा! त्याच आठवड्यात, जुना वाडा रिकामा करताना माळ्यावर निघालेल्या चार समया, एक ठाणवई आणि साखळीला मोर असलेला एक लामणदिवा त्यांनी मोडीत दिला होता.

मी मोडवाल्याकडे गेलो. लामणदिवा तोवर पुढे रवाना झाला होता. समया मात्र पोत्यात होत्या. या कोणी केल्या असतील, कुठल्या ओताऱ्याच्या असतील, असे मी विचारले, तेव्हा तो माणूस खरोखरच चकित झाला. ‘नाव काहाले पाह्यजे जी मास्तर? वजन इचारा ना,’ तो म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. आपण सगळे जे मनात धरून वागतो, तेच तो तोंडाने बोलला.

आता त्या फ्रेंच दिव्यांकडे वळू. कारण आमच्या स्नेह्यांच्या भिंतीवर ज्यांची भुते लटकली आहेत, ते मूळ दिवे मात्र खरे होते आणि त्यांची हकिगत ऐकण्यासारखी आहे. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये श्रीमंतांच्या दालनांत आरशाच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर असे मेणबत्त्यांचे दिवे बसवीत. हेतू हा, की ज्योतीचा उजेड आरशात दुप्पट व्हावा. दिवा ब्राँझचा, पण त्याच्यावर सोन्याचा मुलामा. आधी कोणीतरी आकृती रेखाटायची. मग कोणी तिचा लाकडाचा, मेणाचा किंवा मातीचा नमुना करायचा. ओताऱ्याने त्यावरून साचा घेऊन एकेक तुकडा ओतायचा. मग तो तुकडा छिन्नी, कानस आणि ठसे घेऊन बसलेल्या माणसाकडे जाई. पानाची शीर न् शीर, फुलाची पाकळी न् पाकळी तो उठवी. ओतकामापेक्षा या कामाला वेळ अधिक लागे. शेवटी मुलामा. सोने पाऱ्यात कालवून त्याचा लोण्यासारखा लगदा करायचा, तो ब्राँझवर माखायचा आणि विस्तवावर धरायचा. पारा वाफ होऊन उडून जाई आणि सोने धातूला चिकटून राही. काही भाग अकीकाच्या दगडाने घासून लखलखीत करीत, काही मुद्दाम मंद ठेवीत. मंद आणि लखलखीत यांचा तो शेजार मेणबत्तीच्या हलत्या उजेडात कसा दिसत असेल, याची कल्पना समईच्या उजेडात वाढलेल्या पिढीला करता येईल.

त्या उडून जाणाऱ्या वाफेने माणसे मरत. हात कापू लागत, दात पडत, बुद्धी भ्रमिष्ट होई. राव्रियो नावाचा एक ब्राँझकारागीर होता. आपल्या धंद्यातली माणसे अशी झिजून मरताना त्याने आयुष्यभर पाहिली. १८१४ साली तो वारला, तेव्हा मुलामा देणाऱ्यांचा या विषापासून बचाव करणाऱ्या उपायासाठी त्याने तीन हजार फ्रँकांचे बक्षीस मागे ठेवले होते. दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने वाफ ओढून नेणारी भट्टी बांधून ते मिळवले. त्याचा त्यावरचा प्रबंध १८१८ साली छापला गेला. म्हणजे पाहा, मरणाऱ्यांच्या वतीने पैसे ठेवणाऱ्या कारागिराचे नावसुद्धा त्या देशाने दोनशे वर्षे जपले आहे.

आणि नावे किती! जाक काफिएरी आणि त्याचा मुलगा फिलिप. पियेर गुथिएर. पियेर-फिलिप तोमीर, ज्याच्या कारखान्यात पुढे शेकडो माणसे राबत. फ्रांस्वा-तोमा जेर्मँ या राजाच्या सोनाराने १७५६ साली पॅरिसच्या पाले-रोयालसाठी केलेले चार भित्तिदीप आज अमेरिकेत लॉस अँजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहेत. (उच्चारांबद्दल फ्रेंच जाणणाऱ्यांनी मला सांभाळून घ्यावे.) या जेर्मँचे पुढे दिवाळे निघाले. गुथिएरचेही निघाले. राजाच्या प्रिय पात्रासाठी, मादाम द्यू बारीसाठी, त्याने लूव्हसिएनच्या महालात अप्रतिम काम केले, बिले थकली. १७९३ च्या डिसेंबरात बाईंचे शिर उतरले, बाकी राहिली ती राहिलीच, आणि ज्याच्या मुलाम्याने राजवाडे झळकले तो गुथिएर १८१३ साली दारिद्र्यात मेला. २०१६ साली न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयाने त्या एकट्याच्या कामाचे प्रदर्शन भरवले.

इथे आपला वक्ता म्हणेल, ‘बघा, ते पाश्चात्त्य! नावासाठी हपापलेले. आमचे निरिच्छ.’ थांबा. त्या फ्रेंच दिव्यांपैकी पुष्कळांवर सही मुळीच नाही. गुथिएरसारख्यानेही सही केलेल्या वस्तू मोजक्याच आहेत. मग नावे कळली कशी? कागदांवरून. करारनामा होता, बिल होते, पावती होती. मालक मेल्यावर घरातल्या जिनसांची यादी होई, ती होती. आणि बिल थकले म्हणून केलेला दावा होता. द्यू बारीबाईंनी पैसे बुडवले, त्याची कागदपत्रे झाली, आणि त्या कागदपत्रांनी गुथिएरचे काम ओळखायला मदत केली. १७४५ पासून १७४९ पर्यंत फ्रान्सच्या सरकारने तांब्याच्या मिश्रधातूंच्या वस्तूंवर कर बसवला आणि कर भरल्याची खूण म्हणून मुकुट घातलेले ‘सी’ अक्षर त्यांवर ठोकले. कोणाला कौतुक म्हणून नव्हे, वसुली म्हणून! पण आज त्या खुणेवरून दिव्याचे साल चार वर्षांच्या आत सांगता येते. गंमत अशी की, एकोणिसाव्या शतकात या जुन्या दिव्यांच्या हुबेहूब नकला करणारे आंरी दासोंसारखे लोक आपल्या नकलेवर स्वतःचे नाव आणि साल घालीत. तिथे नक्कल करणाराही नावानिशी उभा आहे. इथे अस्सल करणारा बेनाव.

‘एका दिव्याला दहा हात लागतात, नाव कोणाचे घालायचे?’ असाही एक आक्षेप मी ऐकला आहे. तो पॅरिसलाही लागू होता. तिथे ओतणाऱ्यांचा संघ वेगळा, मुलामा देणाऱ्यांचा वेगळा. १७७६ साली ते एकत्र होईपर्यंत कोणाचे काम कोणी करायचे यावरून त्यांच्यात सतत खटके उडत. त्या खटक्यांनीही कागदच वाढले, आणि कागदांवर नावे.

आता आपल्या घरात या. भिंतीवरचा दिवा म्हणजे आपल्याकडे देवळी. घर बांधतानाच भिंतीत ठेवलेला तो वीतभर कोनाडा. त्याला ना धातू लागतो ना खिळा. पणती ठेवली की भिंत उजळते आणि वरती काजळीचे बोट उमटते. धातूचा दिवा आपण भिंतीला न लावता जमिनीवर उभा केला किंवा आढ्याला टांगला. समई आणि ठाणवई ही उभी घराणी, लामणदिवा हा टांगता. लग्नाच्या मांडवात ज्याच्या ज्योतीकडे सगळे पाहतात, त्या लामणदिव्याची साखळी कधी नीट पाहिली आहे का? तिच्यात मोर असतो, हत्ती असतो, कधी हत्तीवर स्वार असतो. मुंबईजवळच्या जोगेश्वरीला सापडलेला हत्तीचा असा एक प्राचीन टांगता दिवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तो ज्याने ओतला त्याच्या हातून, मला वाटते, काफिएरीने खुशाल धडा घेतला असता.

त्याचे नाव? नाही. कारण तो निरिच्छ होता म्हणून? मग शेजारच्या कर्नाटकात बाराव्या-तेराव्या शतकांत होयसळांच्या देवळांवर शिल्पकारांनी आपली नावे कशी कोरली? बेलूरच्या मदनिकांपाशी दासोज आपले नाव आणि गाव सांगतो. मल्लितम्म नावाच्या शिल्पकाराची सही तर अनेक देवळांवर आहे. ती देवाचीच कामे होती, आणि करणारे आपलेच होते. नाव सांगितल्याने त्यांची भक्ती पातळ झाली, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, त्याच शतकात ‘मानसोल्लास’ रचला. मेणाचा नमुना करून त्यावर माती चढवायची, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, ही रीत त्यात बारकाव्यानिशी सांगितली आहे. राजाने ती स्वतः भट्टीपुढे बसून शोधली नसणार. कोणा ओताऱ्याला पुढ्यात बसवून विचारली असणार. राजाचे नाव ग्रंथावर राहिले.

धातूवर लिहिलेले टिकते, हे आमच्या मुलखाला कोणी शिकवायला नको. आमच्या जिल्ह्याचे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तिथून निघालेला विंध्यशक्तीचा सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा ताम्रपट सापडला आहे. राजाचे नाव, दान दिलेल्या गावाचे नाव, दान घेणाऱ्यांची नावे त्यावर आजही वाचता येतात. नाशिकची नारोशंकराची घंटा घ्या. १७३९ साली वसई जिंकल्यावर मिळालेली ही परक्यांची घंटा. तिच्यावरचे १७२१ हे साल आपण पोरांना बोट दाखवून वाचायला लावतो. आणि ताम्रपट, घंटा कशाला? स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे कोणतेही जुने पातेले उलटे करा. टिंबाटिंबांची अक्षरे दिसतील. ‘चि. सौ. कां. हिला मामाकडून सप्रेम भेट’, खाली तिथी. भांड्यावर नाव घालण्याची एवढी आवड क्वचितच कोणा समाजाला असेल! देणाऱ्याचे नाव आहे, घेणारीचे आहे, देवळातल्या समईवर दात्याचे, त्याच्या वडिलांचे, गावाचे आणि कधी कधी आडतीच्या दुकानाचेही आहे. ती अक्षरे ठोकणारा माणूस कासाराच्या दुकानात मांडी घालून बसलेलाच असे. हातात छिन्नी आणि हातोडी असे. आणखी एक नाव ठोकायला पाच मिनिटे लागली असती. कोणी सांगितले नाही.

का सांगितले नाही, याचे उत्तर मला जुन्या वह्यांत सापडले. आमच्या भागातल्या काही घरांतल्या आणि एका देवस्थानच्या जमाखर्चाच्या वह्या मी चाळल्या आहेत. सावकाराचे नाव पूर्ण, बापाच्या नावासह. पुराणिकबुवांना दिलेल्या दक्षिणेपुढे बुवांचे नाव. आणि समईचा खर्च? ‘कासारास दिले.’ घंटेचा? ‘ओताऱ्यास दिले.’ भांड्यांच्या कल्हईचा? ‘कल्हईवाल्यास.’ लेखणी ज्यांच्या हातात होती त्यांना माणूस दिसलाच नाही. जात दिसली, धंदा दिसला. बलुत्याच्या गावगाड्यात सुतार हा सुतार असे, लोहार हा लोहार. त्याला खळ्यावर वाटा मिळे, वहीत नाव मिळत नसे. यालाच आपण पुढे ‘निरिच्छता’ म्हणू लागलो. ज्याला कोणी नाव विचारले नाही, त्याने ते लपवले, असे म्हणणे हा अपमानावर अपमान आहे.

आपल्या व्यवहारात एक फार सुंदर शब्द आहे : घडणावळ. वस्तू विकत घेताना धातूचे पैसे वेगळे आणि घडणावळीचे वेगळे. ही घडणावळ म्हणजेच तो माणूस : त्याचे डोळे, त्याच्या बापाने दिलेला हात, भट्टीपुढे करपलेली कातडी. वस्तू मोडीत घालताना घडणावळ धरत नाहीत. तराजूत फक्त पितळ चढते. आमच्या स्नेह्यांनी मोराचा लामणदिवा दिला तेव्हा मोराचे वजन झाले, मोर वजा झाला.

पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी हे जन्मभर थोपवून धरले. धंदा चष्म्यांचा, छंद कवितेचा, आणि वेड जुन्या वस्तूंचे. पडलेल्या वाड्यांतून आणि जुन्या बाजारांतून त्यांनी आणि कमलाबाईंनी वस्तू जमवल्या. त्यांत दिवे किती तरी. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभे केलेले ते संग्रहालय त्यांनी पुढे महाराष्ट्र शासनाच्या हवाली केले. दिव्यांवर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तकही लिहिले. तिथे जाऊन दिव्यांपुढच्या चिठ्ठ्या वाचाव्या. प्रांत असतो, शतक असते, प्रकार असतो. करणाऱ्याचे नाव बहुतेक ठिकाणी नसते. आणि त्यात केळकरांचा दोष तिळमात्र नाही, कारण वस्तू त्यांच्या हाती येण्याच्या कितीतरी आधीच ते पुसले गेले होते. कवी म्हणून त्यांनी घेतलेले टोपणनाव मात्र ‘अज्ञातवासी’ होते. स्वतः नाव लपवण्याची चैन त्यांना करता आली, कारण त्यांना नाव होते.

मला जुने दिवे पुन्हा घरोघर लावायचे नाहीत. वीज जाते तेव्हा आम्हीही बॅटरीचाच दिवा शोधतो. समई घासणे हे किती कष्टाचे काम आहे ते ती घासणारीच जाणे; आणि ‘परंपरा जपा’ असे तिला सांगणाऱ्या पुरुषाने एकदा चिंच आणि राख घेऊन मोरीत बसावे. दिवा मोडीत घालायचा असेल तर घाला. स्नेह्यांच्या भिंतीवरच्या फ्रेंच फवाऱ्याशीही माझे वैर नाही. माझे म्हणणे आज राबणाऱ्या माणसांपुरते आहे. पुण्याच्या तांबट आळीत अजून ठोके पडतात. आमच्या विदर्भात भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले. आमच्याच बाजारात नव्या समया येतात, त्या कोणीतरी ओततो आणि कोणीतरी कातावर धरतो. त्या माणसांना आज नाव आहे, ती आज बोलतात, विचारले तर सांगतात. मी विचारले आहे. एकाने नाव सांगितले, आजोबांचे सांगितले, आजोबांना ज्याने भट्टी शिकवली त्याचेही सांगितले, आणि वर म्हणाला, ‘लिहून घेता का?’ यात निरिच्छता मला तरी दिसली नाही.

लक्ष्मीपूजनाला अजूनही आपल्याकडे वहीची पूजा होते. व्यापार संगणकावर गेला तरी एक लाल वही आणतात, स्वस्तिक काढतात, पहिल्या पानावर ‘श्री’ घालतात, आणि पुढची पाने वर्षभर कोरी राहतात. त्या कोऱ्या पानावर यंदा घरातल्या दिव्यांची यादी करावी. आजी हयात असेल तर तिला विचारावे की ही समई कुठल्या गावच्या कासाराकडची, त्याला काय म्हणत, तो कुठे बसे. आज्यांच्या लक्षात असते. आपण त्यांना पाककृतीशिवाय काही विचारत नाही.

आमच्या गावातल्या एका देवस्थानाने यंदा नव्या समयांची जोडी करायला टाकली आहे. दात्याचे नाव कोरायचा मजकूर ठरत होता, तेव्हा मी ओताऱ्याचे नावही घालावे अशी सूचना केली. विश्वस्तांपैकी एकाने विचारले, दाता नाराज झाला तर? दुसरे म्हणाले, त्याचे पैसे तर आपण चुकते करतोच आहोत. मी सांगितले की, दर्शनी भागावर नको; बैठकीच्या खाली, उलटी केल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी घाला. समई घासणाऱ्या बाईखेरीज ते कोणाच्या दृष्टीस पडायचे नाही. यावर थोडी शांतता झाली. मग अध्यक्षांनी विषय पुढच्या सभेवर ठेवला आणि, नोंदीसाठी म्हणून, कारकुनाला विचारले की, त्या ओताऱ्याचे नाव काय. कारकुनाला ते ठाऊक नव्हते. मी सांगितले, आणि त्याने ते लिहून घेतले.